वेळ पाहिजे की अंदाज?

आमच्या पांढरीपांडेंना "किती वाजले?" असं विचारायची सोय नाही. विचारणारा बिचारा घाईत असतो. साडेपाच झाले की पावणेसहा, एवढंच त्याला ऐकायचं असतं. पांढरीपांडे आधी त्याच्याकडे नीट पाहतात आणि शांतपणे विचारतात, "वेळ पाहिजे की अंदाज?" अंदाज म्हणालात तर "तो तर तुमच्यापाशी आहेच की जी" म्हणून पुढे चालू लागतात. वेळ म्हणालात तर उभं राहावं लागतं. कारण मग खिशातून चष्मा निघतो, दुसऱ्या खिशातून त्यांनी स्वतः जोडलेलं काड्यापेटीएवढं यंत्र निघतं, आणि "सतरा वाजून बत्तीस मिनिटं आणि, थांबा, आता एक्केचाळीस सेकंद" हे कानावर पडेपर्यंत तुमची बस गेलेली असते. माझ्या तीन बसेस अशा गेल्या आहेत. तिसरी गेली तेव्हा मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

साकेत नगरातल्या आमच्या तीन मजली इमारतीत ते सगळ्यात वर, आम्ही मधे आणि सक्सेनाजी खाली. त्याआधी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, बरखेड्याला, आमची क्वार्टर्स समोरासमोर होती. म्हणजे या गृहस्थांचा शेजार मी चाळीस वर्षं सोसते आहे. मी पुण्याची, ते नागपूरचे, आणि बाकी सगळं भोपाळ हिंदी बोलणारं. पांढरीपांडे हे आडनाव इथे कोणालाच पेललं नाही, म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांचे 'पांडेजी' झाले. मी त्यांच्या वतीने चिडले तर म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. नाव म्हणजे अंदाजच असते."

कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होते आणि त्यांच्याकडे होतं मुख्य घड्याळ. काचेच्या कपाटात एक उंच घड्याळ, आणि त्यातून निघालेल्या तारांवर प्रत्येक शॉपमधली, गेटवरची, कॅन्टीनमधली घड्याळं चालायची. कारखान्यातले लोक त्या घड्याळाला 'मदर' म्हणत. पांढरीपांडे 'आई' म्हणत. भोंगाही आईच्या सांगण्यावरून वाजायचा. भोंगा वाजला की पिपलानीपासून बरखेड्यापर्यंत कुकर चढायचे, मुलं शाळेला निघायची, सासवा देवापुढून उठायच्या. आणि समोरच्या क्वार्टरच्या पायरीवर, रजेचा दिवस असला तरी, हा माणूस हातात घड्याळ धरून उभा असायचा. भोंगा थांबला की मान एकदा हलायची. आम्ही आमचं आयुष्य ज्या वेळेवर चालवलं ती वेळ समोरच्या घरात राहत होती, याचा मला तेव्हा राग यायचा. आज अभिमान वाटतो. पण तो त्यांच्यासमोर मी कबूल करणार नाही.

त्यांच्या पुतणीच्या लग्नात त्यांनी गुरुजींना गाठलं. मुहूर्त सकाळी अकरा वाजून सात मिनिटांचा. पांढरीपांडेंनी विचारलं, "कोणाच्या घड्याळाने?" गुरुजींनी मनगट दाखवलं. ते पन्नास सेकंद पुढे होतं. मंगलाष्टकं संपली, करवल्या अक्षता मुठीत धरून ताटकळल्या, आणि हे अंतरपाटाचं एक टोक घट्ट धरून उभे. सोडेचनात. सेहेचाळीस सेकंद सगळा मांडव अडकलेला. शेवटी सुमनताई, म्हणजे यांच्या सौभाग्यवती, पहिल्या रांगेतून एवढंच म्हणाल्या, "अहो." अंतरपाट खाली आला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "चार सेकंद बाकी होते."

सुमनताई टाउनशिपच्या शाळेत गणित शिकवायच्या. पांढरीपांडे जगात कोणाला घाबरत असतील तर त्यांना. घरात एकच घड्याळ नवऱ्याच्या तावडीतून सुटलेलं होतं, ते सुमनताईंचं चावीचं मनगटी घड्याळ. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी दिलेलं. ते रोज चार सेकंद मागे पडतं. पांढरीपांडेंनी ते उघडायची परवानगी तीस वर्षं मागितली आणि सुमनताईंनी तीस वर्षं एकच उत्तर दिलं, "हे माझं आहे. हे तुमच्या आईच्या राज्यात येत नाही."

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, गुडघे दुखवून घेतात. पांढरीपांडेंनी घरात नवी आई बसवली. जेवणाच्या टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर. गच्चीवर श्रीखंडाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यात झाकलेला एक अँटेना, तो उपग्रहांकडून वेळ घेतो. दर काही मिनिटांनी घरातली बाकी यंत्रं वायरीवरून आईला विचारतात, माझं बरोबर आहे का, आणि आई सांगते, तू इतका पुढे, तू इतका मागे. ही यंत्रं म्हणजे तिची लेकरं. हॉलमध्ये एक, झोपायच्या खोलीत एक, स्वयंपाकघरात एक, असे त्यांनी स्वतः बनवलेले लाल आकडे भिंतीभिंतीवर. शिवाय नातेवाइकांनी टाकून दिलेले तीन कॉम्प्युटर, ज्यांना वेळ बरोबर दाखवण्यापलीकडे काही काम नाही. कोणतं लेकरू किती चुकलं हे रोज सकाळी वहीत लिहिलं जातं. वानरांनी एकदा श्रीखंडाचा डबा पळवला तेव्हा पांढरीपांडे दोन दिवस जेवले नव्हते.

मग त्यांना वाटलं, आपल्या घरात एवढी वेळ आहे, तर शेजाऱ्यांनी का उपाशी राहावं? जिन्यातून वायर खाली आली. एक आमच्या कॉम्प्युटरला, एक सक्सेनाजींच्या. आमचा अकरा मिनिटं पुढे होता. मी म्हटलं, मागे करा आणि मोकळे व्हा. त्यांनी कानावर हात ठेवले.

"जागेपणी कोणालाच एकदम ओढायचं नाही वहिनी. बिचकते ते. त्याचं सारं काम उलटंपालटं होते. हळूहळू आणायचं, त्याला कळलंही नाही पाहिजे."

"किती हळू?"

"पंधरा दिवस."

पंधरा दिवस माझा कॉम्प्युटर रोज पाऊण मिनिट सुधारत राहिला आणि मी रोज वरच्या मजल्यावर टोमणे पाठवत राहिले. तो नुसता बंद करून चालू केला असता तर उठताउठता आईला विचारून क्षणात बरोबर झाला असता, हे मला दोन वर्षांनी कळलं. "झोपेतून उठताना चालते," असं त्यांनी वर समजावलं, "जागेपणी नाही."

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी सुमनताई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, अठरा दिवस हॉस्पिटलात काढले. हाड छान बसलं, पण घरी आल्या त्या दिवस-रात्रीची अदलाबदल घेऊन. पहाटे चारला झोप लागायची, दुपारी बाराला जाग यायची. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, हळूहळू बसेल, रागावू नका. पण रोज चालवा. आत्ता उभ्या राहिल्या नाहीत तर पुढे उभं राहणं अवघड आहे.

आम्ही दोघं मुलाकडे पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले. दुपारी बाराला जाग आली. डोळे उघडल्याबरोबर शाळेला उशीर झाला म्हणाल्या. मग भिंतीवरच्या आकड्यांकडे पाहिलं, सगळं आठवलं, आणि त्या रडायला लागल्या. चाळीस वर्षांत सुमनताईंना रडताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "माझं गणित गेलं हो." पांढरीपांडेंनी वॉकर पुढे केला तर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दिवस तर संपला, आता काय चालायचं. रोज असंच होत होतं. जेवणाकडेही लक्ष नव्हतं. मी पुण्याला गेले खरी, पण मन तिथे लागलं नाही. ही बाई आता उठत नाही, असंच मला वाटत होतं.

महिनाभराने परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मराठी मंडळाची कॉम्प्युटरवरून बैठक होती. संध्याकाळी पाचला माझं लेखवाचन. घरातलं भिंतीवरचं घड्याळ सेल संपून बंद पडलेलं, पण मला फिकीर नव्हती. पांढरीपांडेंची वायर असलेल्या घरात भिंतीकडे कोण बघतं? तालमीत व्यत्यय नको म्हणून मोबाइल गप्प करून आतल्या खोलीत ठेवला. महिनाभर बंद असलेला कॉम्प्युटर सुरू केला, तीन पन्नास झाले होते. दोनदा लेख वाचून काढला, साडी बदलली, आणि पाचला दहा कमी असताना ऐटीत येऊन बसले. बैठक संपली आहे, असा संदेश आला. मोबाइल पाहिला तर सहा वाजलेले आणि चौदा फोन येऊन गेलेले.

मी तणतणत जिन्यात आले तर सक्सेनाजी वरच येत होते. माझा चेहरा पाहून त्यांचा खुलला.

"भाभीजी, आपका भी गया? पांडेजी की घड़ी तो महीने भर से पगलाई हुई है. मेरा तो पहले दिन छह घंटे पीछे था. मैंने तार ही निकाल फेंका."

मी विचारलं, मग ते काय म्हणाले? सक्सेनाजींनी खांदे उडवले. म्हणाले, बोलतात काय, मान खाली घालून म्हणतात, हां जी, हो जाता है. सगळ्या गल्लीत आता हीच गंमत चालली होती. भाजीवालाही विचारायचा, पांडेजी, आज कौन सा टाइम चल रहा है.

माझा राग जागच्या जागी थंड झाला. पन्नास सेकंदांसाठी लग्नाचा मांडव अडवणारा हा माणूस. त्याच्या घड्याळाला कोणी पगलाई म्हणतं आणि तो हो जाता है म्हणतो? मला एकच शंका आली, की बायकोच्या काळजीने यांचंही डोकं गेलं. मी घाबरतच वर गेले.

दार उघडून त्यांनी आधी ओठांवर बोट ठेवलं. हॉलमधल्या लाल आकड्यांत पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. माझ्या मोबाइलमध्ये सव्वासहा. आतून सुमनताईंचा आवाज आला, आणि तो आवाज खणखणीत होता. "कोण आलंय? पाच वाजलेत, चहा टाका. मग मला एक चक्कर मारायची आहे."

पांढरीपांडे मला मागच्या बाल्कनीत घेऊन गेले. दार ओढून घेतलं. एवढा ओशाळलेला माणूस मी पाहिला नव्हता. मी पुण्याला गेले त्याच दिवशी त्यांनी आईला खोटं बोलायला लावलं होतं. अख्खं घर सहा तास मागे. सुमनताईंना दुपारी बाराला जाग आली तेव्हा भिंतीवर सकाळचे सहा. खिडकीत कूलर बसवलेला, त्यावर वाळ्याची ताटी, खोलीत तसाही दिवसभर अंधार. टीव्ही बिघडला म्हणून सांगितलं. तिला म्हणाले, बघ, आज वेळेवर उठलीस. आणि ती उठली, दात घासले, वॉकर धरला आणि दारापर्यंत गेली. मग रोज दहा मिनिटं, तासाला पंचवीस सेकंद अशा चालीने, त्यांनी सगळं घर पुढे सरकवत आणलं होतं. ती जेवायची तेव्हा हे जेवायचे, ती झोपायची तेव्हा हे झोपायचे. सगळे मिळून छत्तीस दिवस. एकोणतीस झाले होते, सत्तर मिनिटं बाकी होती. उभा जन्म ज्याने माणसांनाच वेळेवर आणलं, त्याने बायकोसाठी वेळच तिच्याकडे नेली होती.

"आणि आमच्या वायरी?" मी विचारलं.

"ध्यानातच नाही आल्या जी. हिच्या खोलीबाहेर वेळ आहे, हेच विसरून गेलो होतो मी. वहिनी, तुमच्या कार्यक्रमाचं माझ्यामुळे..."

मी म्हटलं, कार्यक्रम गेला खड्ड्यात. सक्सेनाजींना का नाही सांगितलं? गल्ली हसते आहे तुम्हाला.

ते गच्चीकडे, त्या श्रीखंडाच्या डब्याकडे पाहत होते. म्हणाले, "त्यांना सांगितलं तर साऱ्या कॉलनीला कळते. मग फिरून हिच्या कानावर येते. लोकं पांडेजीचं घड्याळ बिघडलं म्हणून राहिले ना, म्हणू द्या. पांडेजीची बायको बिघडली, असं कोणी म्हणायला नको."

मी खाली आले आणि आमची वायर काढायला निघालेल्या आमच्या ह्यांना म्हटलं, हात लावू नका. आणखी सात दिवस आमच्या घरात चुकलेली वेळ राहिली आणि मी ती मानाने ठेवली. सक्सेनाजींनी पुन्हा गंमत केली तेव्हा मी त्यांना सांगितलं की माझं घड्याळ एकदम ठीक आहे. त्यांना वाटलं, हा रोग मधल्या मजल्यापर्यंत उतरला.

आठव्या दिवशी सकाळी सहाला दारावर टकटक झाली. पांढरीपांडे, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, चहाला या वहिनी. वर गेले तर सुमनताई ओट्यापाशी उभ्या. एक हात वॉकरवर, दुसऱ्याने चहा गाळत होत्या. भिंतीवर सहा वाजून तीन मिनिटं, माझ्या मोबाइलमध्ये सहा वाजून तीन मिनिटं. पांढरीपांडेंनी दोन्हीकडे पाहिलं आणि मान एकदा हलवली. अगदी भोंगा थांबल्यावर हलायची तशी. मग अँटेनाचा डबा बघून येतो म्हणून गच्चीवर गेले. डब्याला काही झालेलं नव्हतं. त्यांना डोळे पुसायचे होते, हे मलाही कळलं आणि सुमनताईंनाही.

त्यांची पावलं वर गेलेली ऐकून सुमनताईंनी कप ठेवला, खोलीत जाऊन उशीखाली हात घातला आणि चावीचं मनगटी घड्याळ काढून माझ्यासमोर धरलं. सहा वाजून पाच. चालू होतं.

"रोज चोरून किल्ली देत होते मी. त्यांना वाटतं, हॉस्पिटलात गेल्यापासून बंदच आहे," त्या म्हणाल्या. "चार सेकंद मागे पडतं, तेवढे धरायचे."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. भिंतीवर सकाळचे सहा आणि मागे सक्सेनांची बाई दुपारची भांडी घासते. हे रोज दहा मिनिटं सरकवत होते. एका मंगळवारी सरकवायला विसरले, बुधवारी एकदम वीस झाली. मी मुकाट्याने दहा मिनिटं आधी उठून बसले. नाहीतर हे बसले असते वहीत चूक शोधत."

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत?

त्यांनी घड्याळाची काच पदराने पुसली. "काय बोलू? या माणसाने जन्मात अर्ध्या सेकंदाची थाप मारली नाही. मारली ती सहा तासांची, आणि माझ्यासाठी. तेव्हाच ठरवलं, आता उठायचं. आणि गणित गेलं नाही माझं, हेही कळलं. रोज त्यांचा हिशोब तपासत होते ना." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "त्यांना सांगू नका. त्यांना वाटू दे."

भोपाळात चाळीस वर्षं काढून मी काय मिळवलं, असं पुण्याचे लोक मला विचारतात. ही दोघं माझे शेजारी आहेत, हे मी मिळवलं. याहून मोठं पुण्यात कोणाकडे काही असेल तर दाखवा.

जिन्यात पावलं वाजली. सुमनताईंनी घड्याळ पटकन पदराआड केलं. पांढरीपांडे आत आले, डोळे अजून लाल, आणि आम्हा दोघींकडे संशयाने पाहत काय चाललंय म्हणून विचारलं.

"काही नाही," सुमनताई म्हणाल्या. "यांना म्हटलं, किती वाजले ते विचारावं तुम्हाला."

पांढरीपांडेंचा चेहरा उजळला. महिनाभरात पहिल्यांदाच खिशातून चष्मा निघाला, दुसऱ्या खिशातून यंत्र निघालं. ते ताठ उभे राहिले.

"वेळ पाहिजे की अंदाज?"

सुमनताईंनी त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवला.

"तुम्ही सांगाल ती."